विहीणबाईंच्या अर्धं पाऊल मागे

माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत आणि माझ्या विहीणबाईंच्या हृदयात एक. ही गोष्ट त्यांना आजवर पटलेली नाही. मुलाच्या आईकडे एक आणि मुलीच्या आईकडे दोन, हे कोणत्या रीतीत बसतं? लग्नात मानाच्या साड्यांपासून पंगतीतल्या गोड दराब्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे आमच्यापेक्षा काकणभर जास्तच गेलं होतं. इंदूरच्या डॉक्टरांनी मात्र मानपान न बघता जिला जितके लागले तितके घातले.

खरं म्हणजे त्यांनाही दुसरा हवा होता. पण तिथली रक्ताची नळी इतकी बारीक निघाली की डॉक्टरांनी तिला हात लावला नाही. औषधं चालू ठेवा, दम लागेल असं काही करू नका, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी जशी वागले ती हे सगळं माहीत असून वागले.

मी बुऱ्हाणपुरातल्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि पी.टी.च्या बाई रजेवर असल्या की शिट्टीही फुंकली. नवरा नेपानगरला कागद कारखान्यात होता. आता तो दिवसभर वर्तमानपत्रातली कोडी सोडवतो, कागदाचा नाद काही सुटत नाही. एकुलती एक मुलगी याच गावात दिली, राजपुऱ्यात. गावातल्या गावात सोयरीक करू नये, रोज तोंड दिसतं आणि रोज काहीतरी निघतं, असं माझी आई सांगायची. मी म्हटलं, स्कूटीवर दहा मिनिटांत पोर भेटेल. पोर महिन्यातून दोनदा भेटते. विहीणबाई रोज भेटतात.

रोज भेटतात त्याला कारण आमची हृदयं. आधी त्यांचं बिघडलं आणि वर्षभराच्या आत माझं. मी वांगी भाजत होते, छातीत गच्च झालं, गॅस असेल म्हणून ओवा चावत बसले. शहाणपण नेहमी दुसऱ्याला शिकवायचं असतं, त्यामुळे स्वतःसाठी काही उरत नाही. इंदूरहून परत आल्यावर मुलीने ठरवलं की दोन्ही आयांनी सकाळी बरोबर चालायचं, एकमेकींवर लक्ष ठेवायचं. जागाही तिनेच शोधली, माझ्याच जुन्या शाळेचं मैदान. तिथल्या आताच्या मुख्याध्यापिका माझ्या विद्यार्थिनी, त्यामुळे सहा वाजता फाटक उघडं मिळायचं. एका दगडात दोन पक्षी. मुलगी माझीच, नेम चांगला आहे.

आता विहीणबाईंच्या मानाबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नाच्या दिवशी फोटोसाठी बोलावलं तेव्हा मी गडबडीत त्यांच्या आधी स्टेजवर चढले. बस, एवढंच. त्यांनी हाताने मला खूण केली, ‘व्हा पुढे, तुम्हीच व्हा’, आणि मागच्या मागे जानवशाच्या खोलीत जाऊन बसल्या. दोन तास. तीन शिष्टमंडळं गेली. शेवटी मी स्वतः जाऊन त्यांच्या पायावर पाणी घातलं, तेव्हा कुठे त्यांचे पाय जमिनीला लागले. त्या दिवसापासून मी एक शिकले. देवळात, दवाखान्यात, बारशात, तेराव्यात, कुठेही गेलं तरी आपण विहीणबाईंच्या अर्धं पाऊल मागे. माझ्या मुलीला त्याच घरात नांदायचं होतं.

चालायला लागण्याआधी आम्हाला एका फिजिओवाल्या मुलीकडे पाठवलं. ती जेमतेम सव्वीसची असेल. इंदूरला शिकून आलेली, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी, आणि पहिल्याच वाक्यात ‘आंटी’ म्हणून आमचं वय ठरवून टाकणारी. तिने आम्हाला आळीपाळीने वायरी लावून सरकत्या पट्ट्यावर चालवलं, डॉक्टरांशी फोनवर बोलली, आणि दोघींना वेगवेगळा व्यायाम लिहून दिला. माझं हृदय आता बऱ्यापैकी सावरलंय, नळ्या उघड्या आहेत, म्हणून मला इंटरव्हल. आधी पाच मिनिटं रमतगमत, मग तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं रमतगमत. जोरात म्हणजे तोंडातून एखाद-दुसरा शब्द निघावा, अख्खं वाक्य निघू नये.

विहीणबाईंना एकसारखं चालणं, अर्धा तास, एकाच गतीने. त्यांच्यासाठी नियम उलटा होता. ‘बोलता आलं पाहिजे, आंटी. बोलता बोलता दम तुटला की स्पीड कम. छातीत, हातात, जबड्यात कुठेही दुखलं तर लगेच थांबायचं आणि गोळी जिभेखाली.’ विहीणबाईंच्या माहेरी आणि सासरीही केळीच्या बागा. त्या माझा कागद वाचून म्हणाल्या की हे तर आमच्याकडचे केळी काढणारे गडी रोजच करतात, घड खांद्यावर घेऊन झपाझप जातात आणि रिकामे हळू परत येतात, त्यासाठी वायरी कशाला लावायच्या. फिजिओवाली हसली आणि म्हणाली, अगदी तसंच.

यातलं चांगलं कोणतं, असं मी विचारलं. विचारण्यामागचा हेतू शुद्ध नव्हता. ती म्हणाली की दोन्ही औषधंच आहेत, फक्त कोणाला कोणतं ते बघावं लागतं. माझ्यासारखीला टप्प्याटप्प्याने जोर लावला तर ताकद लवकर वाढेल, यांना सध्या एकसारखंच बरं. तुमची बीपीची गोळी यांना देता का तुम्ही? मला मात्र त्यातून एवढंच कळलं की मी वरच्या वर्गात गेले आणि विहीणबाई त्याच वर्गात राहिल्या.

पहिले दोन दिवस विहीणबाईंनी मुलाने आणलेले पांढरेशुभ्र बूट फाटकाशी काढून ठेवले. शाळा म्हणजे सरस्वतीचं घर, तिथे पायताण घालून कसं फिरायचं, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी तळपायात सराटे घुसले आणि सरस्वतीने परवानगी दिली. नऊवारीच्या घोळाखाली ते बूट काय दिसायचे! पण चाल त्यांची पक्की होती, शेताच्या बांधावरची, इकडे नाही तिकडे नाही.

अडचण माझी झाली. मोबाइलमधली घंटी वाजली की मला जोरात चालायचं होतं. आणि समोर विहीणबाई. जोरात चालायचं म्हणजे त्यांना ओलांडून जायचं. मैदान एवढं मोठं की शेजारून चार बैलगाड्या गेल्या असत्या, पण माझा पाय पुढे पडेना. घंटी वाजायची आणि मी त्यांच्या मागे जागच्या जागी गुडघे उचलायचे. एकदा त्यांनी वळून विचारलं, काय करता? मी म्हटलं, पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटी वाजली तेव्हा त्यांनी न वळता हाताने खूण केली, व्हा पुढे. तीच खूण, स्टेजवरची. मी घाबरून आणखी अर्धं पाऊल मागे सरले.

शिवाय त्यांचं बोलणं. बोलता येतंय याची खात्री करायची तर विषय लागतो, आणि विषय माझी मुलगी. तिची कढी फुटते. ती कपडे उलटे वाळत घालते. ती फोनवर बोलत बोलत दूध तापवते, मग दूध उतू जातं आणि फोन चालूच राहतो. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे सुनेला बोललेलं विहिणीला लागत होतं. कढीवर तर त्यांचा विशेष जीव. अर्ध्या तासात कढी तीनदा तरी फुटायची. मी अर्धं पाऊल मागून ‘हो ना’ म्हणायचे, आणि मनातल्या मनात त्यांच्या अंबाड्याकडे बघून काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महिनाभराने आम्ही दोघी पुन्हा फिजिओकडे गेलो. विहीणबाईंचं ठीक निघालं. मला पट्ट्यावर चालवल्यावर ती मुलगी आकड्यांकडे बघत राहिली आणि मग विहीणबाईंच्या समोरच मला म्हणाली, ‘आंटी, सच बताओ. जोरात चालता का?’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘मशीन तर नाही म्हणतेय.’ आणि मग तिने मला बरंच सुनावलं. व्यायाम कागदावर ठेवायला दिला नाही, असं काहीबाही. मी आयुष्यभर पोरांना ज्या सुरात बोलले त्याच सुरात. विहीणबाई खिडकीतून रस्त्यावर उभ्या केळीच्या ट्रककडे बघत होत्या. त्यांना ट्रक बघायची एवढी हौस कधीपासून, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी नवल घडलं. घंटी वाजली आणि विहीणबाईंनी आपण होऊन पावलं लांब टाकायला सुरुवात केली. मला पहिल्यांदा कळेना. मग वाटलं, आत्ता कळलं. काल मी बोलणी खाल्लेली बघून त्यांना धास्ती पडली असणार की आता ही मला ओलांडणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हटलं, चालू द्या. त्या पुढे झपझप, मी मागे झपझप, मानही राहिला आणि माझा व्यायामही झाला. घंटी पुन्हा वाजली की त्या हळू व्हायच्या, मीही हळू.

आणि त्या तीन मिनिटांत त्या बोलत नव्हत्या. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट ऐकू आली. लिंबावरचे पोपट ऐकू आले. कढी नाही, दूध नाही, उलटे कपडे नाहीत. नुसती पावलं आणि त्यांचा श्वास. चार वेळा तीन मिनिटं म्हणजे बारा मिनिटं शांतता. मला ती इतकी गोड लागली की आठ दिवसांत मी चाराच्या जागी पाच वेळा घंटी लावली. मग तीन मिनिटांची चार केली. गणिताच्या बाईला बेरीज कोणी शिकवायची?

बोलता बोलता दम तुटला की स्पीड कम. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. विहीणबाईंच्या त्या बारीक नळीबद्दल मला त्यांच्या मुलाइतकंच माहीत होतं. त्यांचा श्वास ऐकूनही मी मनाला सांगत होते की त्या आपल्या हट्टाने चालतात, मी कुठे ओढते त्यांना. मी तर मागे आहे.

थंडीचे दिवस होते. तापीवरून असा वारा येत होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. पाचव्या घंटीला विहीणबाई थोड्या बाजूला झाल्या आणि मला समोर मोकळी वाट दिसली. काय झालं कोणास ठाऊक, मी गेले. त्यांना ओलांडून गेले. लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढे विहीणबाईंचा अंबाडा नव्हता. मला आनंद झाला, आता लपवण्यात अर्थ नाही, चांगला झाला. हात हलवत मी पंधरा-वीस पावलं तशीच गेले. मग जुनी सवय, रांग सरळ आहे का बघायला मी मागे वळून पाहिलं.

विहीणबाई झेंड्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. दुसरा हात जबड्यावर होता. दात दुखतोय की काय, असं क्षणभर वाटलं, आणि मग जबडा हा शब्द डोक्यात वाजला. मी पळाले. त्यांना चौथऱ्यावर बसवलं. त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. कमरेचा बटवा उपसला, सुपारी निघाली, लवंगा निघाल्या, कोणत्या तरी देवाच्या अंगाऱ्याची पुडी निघाली, शेवटी गोळ्यांची पट्टी निघाली. एक गोळी जिभेखाली ठेवली आणि मी मोबाइल काढला. त्यांनी माझं मनगट धरलं.

‘घरी सांगू नका,’ त्या म्हणाल्या. ‘तुमाले माझी शपथ हाये.’

काही मिनिटांत त्यांचं दुखणं उतरत गेलं. तोंडावर रंग आला. आणि माझ्या मनात वकिली सुरू झाली. मुलीच्या सासरची गोष्ट मुलीच्या आईने बोलू नये. माझी आई तर माझ्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हती. त्यात जावयाला फोन करून त्याच्या आईबद्दल सांगायचं, तेही त्यांनी शपथ घातलेली असताना, हे शोभतं का? सगळे मुद्दे बिनतोड होते. पण खाई त्याला खवखवे. जावई पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहीत होतं. आई एवढ्या जोरात का चालत होती? मी शपथेमागे लपत नव्हते, त्या प्रश्नामागे लपत होते.

मी फोन लावला. शपथ गणितवाल्यांना लागत नाही, असं मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि तोंड फिरवलं.

त्याच दिवशी त्यांना इंदूरला नेलं. झटका नव्हता, पण येण्याच्या बेतात होता, असं डॉक्टर म्हणाले. तीच बारीक नळी. औषधं वाढवली, चार दिवस ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मुलगी माझ्याकडे आली. चहा घेतला. कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘आई, तू त्यांना पळवत होतीस?’

मी म्हटलं, त्या आपल्याआपण जोरात जायच्या.

‘जोरात चालताना त्यांचं बोलणं बंद होतं, हे तुला कळत होतं ना?’

‘कळत होतं,’ मी म्हटलं. ‘मला ते बंद झालेलं बरं वाटत होतं.’

ती रडली नाही, ओरडलीही नाही. उठून कप विसळला, पालथा ठेवला आणि गेली. चौतीस वर्षांत हजार पोरांना मी नापास केलं असेल, पण नापास झाल्यावर घरी जाताना त्यांना काय वाटत असेल हे मला त्या संध्याकाळी कळलं. मला माझीच भीती वाटली. एक बाई कढीबद्दल बोलते म्हणून मी तिच्या श्वासाशी खेळले होते.

पुढचा दीड महिना विहीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. फोन उचलत नव्हत्या. भेटायला गेले तर झोपलेल्या असायच्या, दुपारी बारा वाजताही. मी शपथ मोडली होती. मी एकटी चालत होते, चारच घंट्या, तीनच मिनिटं, अगदी कागदावरच्यासारखं. समोर कोणी नव्हतं, शांतता हवी तेवढी होती. फिजिओच्या मशीनवर माझे आकडे सुधारले, त्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचं काही वाटलं नाही.

मग डॉक्टरांनी विहीणबाईंना पुन्हा चालायला सांगितलं, हळूहळू, एकसारखं, आणि एकटीने नाही. सकाळी सहाला दुसरं कोण मोकळं असणार? विहीणबाईंनी सुनेकरवी निरोप पाठवला की येईन, पण त्यांच्या पुढेही चालणार नाही आणि मागेही चालणार नाही. बरोबरीने चालण्याचा तर प्रश्नच नव्हता, मुलाची आई आणि मुलीची आई बरोबरीने कशा चालणार? मुलगी वैतागून म्हणाली की मग आता दोघी हवेतून चाला.

तोड मला सुचली, आणि ती शाळेतल्या कवायतीतून सुचली. दोघींनी झेंड्यापासून निघायचं, एकीने डावीकडून, दुसरीने उजवीकडून. उलट्या दिशांनी फेऱ्या घालायच्या. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, आणि दर दोन-अडीच मिनिटांनी समोरासमोर गाठ. मी माझ्या घंटीप्रमाणे चालेन, त्या त्यांच्या गतीने. फिजिओवाल्या मुलीला ही युक्ती इतकी आवडली की तिने त्यात एक नियम घातला. प्रत्येक गाठीला विहीणबाईंनी एक पूर्ण वाक्य बोलायचं. वाक्य मध्ये तुटलं तर दोघींनी थांबायचं.

पहिल्या दिवशी पहिल्या गाठीला विहीणबाई दीड महिन्यानंतर माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, ‘काल कढी फुटली.’ मी अडीच मिनिटं उत्तर जुळवत चालले. दुसऱ्या गाठीला मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, ‘परवा बी फुटली होती.’ आणि गेल्या. भांडणाला हा व्यायाम फार वाईट आहे. उत्तर तयार होईपर्यंत माणूस मैदानाच्या पलीकडे असतं, आणि समोर येईपर्यंत राग निवतो. पण मी त्यांची वाक्यं मोजायचे. पूर्ण आहे का, मध्ये श्वास घेतला का, शेवटचा शब्द बारीक झाला का. कढी फुटल्याचं वाक्य एका दमात आलं की मला हायसं वाटायचं.

असे दहा-बारा दिवस गेले. मग एका सकाळी, माझी पहिली हळू चालायची तीन मिनिटं संपत आली होती, विहीणबाई समोरून आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘मी काही तुमच्यापुढं राहण्यासाठी जोरात चालत नव्हती.’

आणि गेल्या. माझ्या मोबाइलने जोरात चालायची घंटी दिली, पण पाय ऐकेनात. मग कशासाठी चालत होतात, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं आणि समोर फक्त मैदान होतं. अर्ध्या फेरीत मी पाच कारणं शोधली. पाचही त्यांना वाईट ठरवणारी होती. चोराच्या मनात चांदणं.

दुसरी गाठ पडली. ‘तुम्ही मले ओलांडत नव्हत्या, अन् त्या पोरीनं तुमाले माझ्यासमोर बोल लावला.’

तो केळीचा ट्रक मला आठवला. मला बोलणी बसत असताना त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या होत्या. मला कमीपणा वाटू नये म्हणून बघत राहिल्या होत्या, हे मला आत्ता, इतक्या महिन्यांनी, मैदानाच्या कोपऱ्यावर वळताना कळत होतं. पुढचं वाक्य काय असेल हेही कळायला लागलं होतं, आणि ते ऐकायला नको असं वाटत होतं.

तिसरी गाठ. ‘मंग म्हटलं आपणच जोरात चालावं, म्हणजे मागून यांचा व्यायाम तर होईन.’

वाक्य पूर्ण होतं. एका दमात आलं होतं. मी जिथे होते तिथे उभी राहिले. मला लाज वाटली, इतकी की मान वर होईना. ज्या बाईला मी सहा वर्षं मानापानाची भुकेली म्हणून मनातल्या मनात हसले, ती आपली बारीक नळी घेऊन माझ्यासाठी पुढे धावत होती. आणि मी मागून घंट्या वाढवत होते. हाताने केलेली ती खूणसुद्धा आठवली. व्हा पुढे. बिचाऱ्या खरंच पुढे व्हा म्हणत होत्या.

माझी पावलं थांबलेली विहीणबाईंनी ऐकली असणार. नियम नियमच. त्या थांबल्या, वळल्या आणि आपली दिशा सोडून माझ्याकडे आल्या. येता येता बटव्यात हात घातलेला.

‘कुठं दुखते?’ त्यांनी विचारलं. ‘जबडा?’

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तरी पट्टीतून गोळी अर्धी बाहेर काढली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. ‘मंग बोलत काहून नाही?’

बोलायचं पुष्कळ होतं. पाच घंट्यांबद्दल बोलायचं होतं. तोंडाने निघालं ते दुसरंच. ‘कढी माझीही फुटते,’ मी म्हटलं. ‘तिला मीच शिकवली.’

विहीणबाईंनी गोळी पुन्हा पट्टीत दाबली, पट्टी बटव्यात टाकली, बटव्याची नाडी ओढली. ‘माहीत हाये,’ त्या म्हणाल्या. ‘साखरपुड्याले खाल्ली होती तुमच्या घरी.’

मग त्या त्यांच्या दिशेने निघाल्या. पाच घंट्यांचं मी त्यांना पुढच्या गाठीला सांगणार होते, एका पूर्ण वाक्यात. तेवढ्यात मोबाइल वाजला, जोरात चालायचं होतं. मी निघाले.